गाडी गरम झाली की सेल्फ नुसता ‘टक’ म्हणतो: सेल्फ बदलण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९९८ ची कार्ब्युरेटरवाली मारुती ८००. सकाळी घरून पहिल्या चावीला चालू होते. सोलापूरहून अक्कलकोटला जाऊन गाडी उन्हात लावली, की परत निघताना चावी फिरवल्यावर एकच ‘टक’ होतो आणि पुढे काही नाही. अर्धा-पाऊण तास थांबलं तर पुन्हा लागते, धक्का मारला तर लगेच लागते. बॅटरी नवी टाकून झाली, फरक नाही. आता सेल्फ (इंजिन चालू करायला फिरवणारी मोटर) बदलायला सांगितलं आहे. बदलावा का?

अजून नाही. सेल्फ खराब असूही शकतो, पण या लक्षणांवरून तो संशयितांच्या यादीत पहिला येत नाही. धक्क्यावर गाडी लगेच चालू होते म्हणजे प्लग, कॉइल आणि पेट्रोलची बाजू ठीक आहे. सकाळी सेल्फ जोरात फिरतो म्हणजे मोटर आणि जाड केबल किमान थंड असताना तरी काम करताहेत. उरतात त्या दोन गोष्टी: चावीपासून सोलेनॉइडपर्यंत (सेल्फवर बसलेला, मोटरला करंट जोडणारा विजेचा स्विच) येणारी बारीक वायर, आणि इंजिनाचं अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसशी जोडणी. गंमत म्हणजे नवा सेल्फ टाकला तर गाडी काही महिने बरी चालेलही. नव्या सोलेनॉइडचा प्लंजर (कॉइलनं आत ओढला जाणारा दांडा) मोकळा असतो, कमी व्होल्टेजवरही ओढला जातो, म्हणून वायरिंगमधला दोष झाकला जातो. पुढच्या एप्रिलमध्ये तोच ‘टक’ पुन्हा ऐकू येतो आणि दोष नव्या सेल्फच्या माथी जातो.

सेल्फला वीज दोन वाटांनी जाते, हे डोक्यात पक्कं असू द्या. जाड वाट बॅटरीच्या प्लसपासून सोलेनॉइडच्या ३० नंबरच्या बोल्टवर येते, आतल्या तांब्याच्या चकतीवरून मोटरमध्ये जाते, आणि सेल्फची बॉडी, इंजिन, अर्थ पट्टी असं करत बॅटरीच्या मायनसला परतते. एवढ्याशा इंजिनालाही फिरवताना या वाटेनं शंभरेक अँपियर वाहतात, पहिल्या झटक्याला त्याहून जास्त. बारीक वाट बॅटरीपासून फ्युजिबल लिंकमधून (करंट फार झाला की वितळणारा वायरचा तुकडा) इग्निशन स्विचवर जाते आणि तिथून सोलेनॉइडच्या ५० नंबरच्या टर्मिनलवर. पुष्कळांना वाटतं की ही नुसती सिग्नलची वायर आहे. तसं नाही. सोलेनॉइडमध्ये दोन कॉइल असतात, एक ओढणारी आणि एक धरून ठेवणारी. चावी फिरवल्या क्षणी दोन्ही मिळून मोठ्या मानाने २० ते ३० अँपियर ओढतात. चकती चिकटली की ओढणारी कॉइल बाद होते आणि धरून ठेवायला आठ-दहा अँपियर पुरतात.

आता हिशेब करून पाहा. जाड वाटेत एखाद्या गंजलेल्या सांध्याचा रोध ०.०१ ओहम असेल तर १०० अँपियरला १ व्होल्ट गेला. बारीक वाटेत स्विचचा कॉन्टॅक्ट, दोन कनेक्टर आणि जुनी वायर मिळून ०.१ ओहम असेल तर २५ अँपियरला अडीच व्होल्ट गेले. वायर अगदी नवी असली तरी काही व्होल्टेज खातेच: १.५ एमएमची (एमएम म्हणजे इथे वायरीच्या छेदाचे चौरस मिलिमीटर) चार मीटर तांब्याची वायर २५ अँपियरला सव्वा व्होल्टच्या आसपास खाते. त्यात उष्णता. तांब्याचा रोध दर अंशाला जवळपास ०.४ टक्क्यानं वाढतो. सोलेनॉइड ३० अंशांवरून ९० वर गेला की त्याच्या कॉइलचा रोध सुमारे पावपट वाढतो आणि ओढ तेवढी घटते. थंड असताना ७ व्होल्टवर ओढला जाणारा प्लंजर गरम असताना साडेआठ मागतो. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४२-४३ अंश असतात, आणि इंजिन बंद केल्यावर वारा थांबल्यामुळे बॉनेटखालचं तापमान काही वेळ उलट वाढत जातं. तेवढ्यात चावी फिरवली की ‘टक’. पाऊण तासानं सगळं निवलं की गाडी चालू.

म्हणून तपासणी सकाळी गॅरेजसमोर करून भागणार नाही. दोष हजर असताना मीटर लागलं पाहिजे. पुणे रोडनं मोहोळपर्यंत जाऊन या, एसी असेल तर चालू ठेवून, आणि परत आल्यावर गाडी बंद करून दहा मिनिटं बॉनेट न उघडता तशीच ठेवा. दोष दिसला की कामाला लागा.

साहित्य फार लागत नाही: साधा डिजिटल मल्टिमीटर, त्याला क्रोकोडाइल क्लिपच्या वायरी, ब्रेकलाइटच्या २१ वॅटच्या बल्बचा घरीच बनवलेला टेस्ट लॅम्प, एक चांगली जम्पर केबल, १० आणि १२ चे पाने, पॉलिश पेपर आणि चावी फिरवायला एक माणूस. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकामागे वीट. इग्निशन कॉइलच्या प्लसची वायर काढून ठेवा, म्हणजे इंजिन फिरेल पण पेटणार नाही. डिस्ट्रिब्युटरची जाड वायर उपटून लोंबकळत सोडू नका, तिची ठिणगी कुठेही उडते. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढा. आणि स्क्रू ड्रायव्हरनं ३० आणि ५० जोडून सेल्फ फिरवण्याची सवय कितीही प्रचलित असली तरी नको. गाडी चुकून गिअरमध्ये असली तर ती थेट अंगावर येते.

मीटरच्या आधी हेडलाइट. लावून चावी फिरवा. दिवे तसेच प्रखर राहिले आणि ‘टक’ झाला किंवा तोही झाला नाही, तर मोटरपर्यंत करंट जातच नाहीये: बारीक वाट किंवा सोलेनॉइडची चकती. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ अडकला आहे. पूर्ण विझले आणि चावी सोडल्यावर परत आले तर बॅटरीचं टर्मिनल ढिलं आहे, आधी तेच पाहा. एकच ‘टक’ न होता भराभर ‘टकटकटक’ होत असेल तर तो वेगळा दोष आहे. चकती चिकटते, मोटर करंट ओढते, व्होल्टेज कोसळतं, धरून ठेवणाऱ्या कॉइलला दम राहत नाही, चकती सुटते, व्होल्टेज परत चढतं, पुन्हा चिकटते. हे बहुतेक वेळा उतरलेल्या बॅटरीचं किंवा तिच्या टर्मिनलचं लक्षण असतं. सेल्फ सुंईऽ करून रिकामा फिरत असेल तर वायरिंगला हातही लावू नका, बेंडिक्सचा (सेल्फचं दातेरी चाक इंजिनाला जोडणाऱ्या भागाचा) क्लच घसरतोय.

नवी बॅटरीही एकदा मोजाच. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. सकाळी सेल्फ फिरत असताना तिच्या खुंट्यांवर १० च्या वर राहायला हवं; ९.६ च्या खाली जात असेल तर पुढचं सगळं थांबवून आधी बॅटरी चार्ज करा आणि अल्टरनेटर पाहा, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ मिळायला हवेत. पाणी घालायच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच. बोअरचं जड पाणी तर नाहीच, आणि नळाचंही नको.

आता मुख्य मोजमाप. दोष हजर असताना मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी क्लिप बॅटरीच्या मायनस खुंटीवर (टर्मिनलच्या पट्टीवर नाही, शिशाच्या खुंटीवर), लाल टोक सोलेनॉइडच्या ५० वर. माणसाला चावी फिरवून दोन-तीन सेकंद धरायला सांगा. वायर काढून, मोकळ्या टोकावर मोजू नका. नेमकी इथेच बहुतेकांची फसगत होते: बिनलोडच्या वायरवर कुजलेल्या एका तारेतूनही मीटरला १२ व्होल्ट दिसतात, कारण मीटर जवळजवळ करंटच घेत नाही. वायर जागेवर, सोलेनॉइड ओढत असतानाच आकडा खरा. टेस्ट लॅम्पचाही तोच उपयोग, तो पावणेदोन अँपियर तरी मागतो, पण २५ अँपियरचा दोष त्यातही लपू शकतो.

५० वर ८ किंवा त्याहून कमी, आणि बॅटरीवर मात्र १२ च्या वर: दोष बारीक वाटेत. तुमच्या वर्णनावरून मला हेच अपेक्षित आहे. ५० वर साडेदहाच्या वर, ‘टक’ ठसठशीत, पण मोटरकडे जाणाऱ्या बोल्टवर (सोलेनॉइडमधून मोटरच्या बॉडीत शिरणारी जाड वेणी जिथे बसते तो) एक व्होल्टही नाही: चकती आणि तिचे कॉन्टॅक्ट जळले आहेत. त्या बोल्टवर भरपूर व्होल्टेज आणि मोटर गप्प: कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणारे ब्रश) संपले, किंवा अर्थ गेला. ५० वर पुरेसं व्होल्टेज आणि ‘टक’सुद्धा नाही: प्लंजर अडकलाय, कॉइल तुटलीय, किंवा पुन्हा कार्बनच. कारण ओढणाऱ्या कॉइलचा मायनस मोटरच्या कार्बनमधून मिळतो. कार्बन टेकत नसतील तर फक्त धरून ठेवणारी कॉइल उरते आणि ती एकटी प्लंजर ओढू शकत नाही. हे माहीत नसल्यामुळे चांगले सोलेनॉइड फेकले जातात.

बारीक वाटेत दोष ठरला, तर आता तो नेमका कुठे ते शोधायचं. लाल क्लिप बॅटरीच्या प्लस खुंटीवर कायम ठेवा आणि काळं टोक एकेक ठिकाणी लावत पुढे जा, प्रत्येक वेळी चावी फिरवून. आता मीटर दाखवेल ते हरवलेलं व्होल्टेज. आधी फ्युजिबल लिंकच्या पलीकडे, मग इग्निशन स्विचमध्ये शिरणाऱ्या वायरवर, मग स्विचमधून बाहेर पडणाऱ्या स्टार्टच्या वायरवर, मग बॉनेटखालच्या कनेक्टरच्या दोन्ही बाजूंना, शेवटी ५० वर. ज्या दोन जागांच्या मधे आकडा उडी मारतो, तिथे दोष. एका सांध्याला ०.१ व्होल्ट ठीक, सबंध वाटेला मिळून दीड व्होल्टपर्यंत चालवून घेता येतं. वायरीच्या रंगावर विसंबू नका. पंचवीस-तीस वर्षांच्या गाडीत मधला तुकडा कुणी, कुठल्या रंगाचा घातला असेल सांगता येत नाही.

आकडा बहुधा स्विचमध्येच उडी मारतो. स्टिअरिंगखालचं कव्हर काढा. कुलपाच्या मागे असलेला विजेचा भाग वेगळा असतो, तो स्क्रू काढून सुटतो, म्हणजे चावी बदलावी लागत नाही. त्याच्या कनेक्टरचं प्लास्टिक एखाद्या पिनभोवती तपकिरी पडलं असेल किंवा वितळलं असेल तर तीच पिन. नुसतं क्लीनर मारून भागत नाही. तापून मऊ पडलेल्या पितळी पिनेची पकड जाते आणि महिनाभरात ती पुन्हा तापते. पिन कापून नवी क्रिम्प करा (पक्कडीनं दाबून घट्ट बसवा), स्विचचा मागचा भाग बदला.

स्विचपाशी आहात तर नंतर घुसवलेल्या वायरीही बघून घ्या. जुन्या गाड्यांत चोरीच्या भीतीनं सीटखाली किंवा डॅशखाली बसवलेला गुप्त स्विच, बंद पडलेल्या सिक्युरिटी अलार्मचा कट-रिले, गॅस किटची इग्निशनवर मारलेली जोडणी, अॅम्प्लिफायरची वायर, हे सगळं याच जुडग्यात येतं. गुप्त स्विच तर बहुतेकदा घरातल्या पंख्याच्या बटणाच्या दर्जाचा असतो आणि त्यातून २५ अँपियर जावेत अशी अपेक्षा असते. तो आणि मेलेला अलार्म काढूनच टाका. पिळून टेप मारलेला प्रत्येक सांधा कापून नीट क्रिम्प करा, वर हीट-श्रिंक. बॉनेटखालचे कनेक्टर उघडून पाहा: वॉशिंग सेंटरला बोअरच्या पाण्याच्या फवाऱ्यानं इंजिन धुतलं असेल तर पिनांवर पांढरा थर हमखास सापडतो. गाडी गोदामाच्या आवारात किंवा धान्याजवळ उभी राहत असेल तर वायरीवर उंदराचे दातही शोधा.

हे सगळं स्वच्छ केलं तरी मूळ आखणीतली कमजोरी राहतेच, की सोलेनॉइडचा सगळा करंट डॅशबोर्डपर्यंत जाऊन परत येतो. त्यावर उपाय म्हणजे रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा विजेचा स्विच), आणि जुन्या गाडीत मी तो स्विच चांगला असतानाही बसवायला सांगेन. चार पिनांचा १२ व्होल्ट ४० अँपियरचा रिले घ्या, सॉकेटसकट. ३० नंबरच्या पिनेला बॅटरीच्या प्लसवरून ४ एमएमची मल्टिस्ट्रँड ऑटो वायर, मधे ३० अँपियरचा ब्लेड फ्यूज, तोही बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. ८७ वरून तशीच ४ एमएमची वायर थेट सोलेनॉइडच्या ५० वर. ५० वरून काढलेली जुनी वायर आता ८६ ला, आणि ८५ रंग खरवडलेल्या बॉडीवर अर्थ. रिलेची कॉइल जेमतेम ०.१५ अँपियर घेते, त्यामुळे चावीच्या स्विचवरचा ताण संपतो. दीड मीटर ४ एमएम वायरीत २५ अँपियरला ०.२ व्होल्टही जात नाहीत. रिले पिना खाली येतील असा लावा, म्हणजे पाणी साचत नाही, आणि गरम भागापासून दूर. घरगुती वायरिंगची वायर वापरू नका, कंपनानं तुटते आणि तिचं आवरण बॉनेटखालच्या उष्णतेत टिकत नाही. स्वस्तातला रिले तर अजिबात नको: त्याचे कॉन्टॅक्ट चिकटले तर चावी काढली तरी सेल्फ फिरत राहतो. तसं कधी झालंच तर बॅटरीचा मायनस झटकन काढायचा, म्हणून १० चा पाना डिकीत असू द्या.

जाड वाट मात्र सेल्फ फिरत असतानाच मोजता येते. तो फिरतच नसेल तर करंट नाही, आणि करंट नसला की ड्रॉप (वाटेत हरवलेलं व्होल्टेज) शून्यच दिसणार, म्हणून हे मोजमाप सकाळी करा. लाल क्लिप बॅटरीच्या प्लस खुंटीवर, काळी सोलेनॉइडच्या ३० वर, सेल्फ मारा: ०.३ पर्यंत ठीक, ०.५ ला केबल बदला. मग लाल सेल्फच्या बॉडीवर, काळी बॅटरीच्या मायनस खुंटीवर: ०.२ ते ०.३ च्या वर गेलं तर अर्थिंग खराब. ताबडतोब पडताळणी हवी असेल तर जम्पर केबलचं एक टोक मायनस खुंटीवर आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडावर घट्ट लावा. सेल्फ एकदम जोरात फिरला तर उत्तर मिळालं. अर्थ पट्टी तुटलेल्या गाडीत सेल्फचा करंट क्लचच्या किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर केबलचं आवरण गरम लागत असेल किंवा वितळलं असेल तर दुसरीकडे शोधायची गरजच नाही. क्लच केबल वारंवार जाते म्हणून बदलत राहणाऱ्यांनी हे एकदा तपासावं.

पट्टी बसवताना दोन्ही टोकांचा रंग आणि गंज चकाकेपर्यंत काढा, स्टार वॉशर घाला, आवळल्यावर वरून ग्रीस. मायनसची केबल फक्त बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनाला दुसरी पट्टी अशी रचना असेल तर बॅटरीच्या मायनसवरून थेट गिअरबॉक्सच्या बोल्टवर एक जादा केबल टाका, मूळची न काढता. छोट्या पेट्रोल गाडीला १६ ते २५ एमएमची तांब्याची केबल पुरते. विकत घेताना टोकाची एक तार ब्लेडनं खरवडून बघा: आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे, परत द्या. जुन्या केबलचं थिंबल (टोकाला दाबून बसवलेलं धातूचं कडं) बाहेरून चांगलं दिसतं, पण आवरण इंचभर मागे सोललं की तारा काळ्या किंवा हिरव्या निघतात. तिथे नवं थिंबल बसवून उपयोग नाही, चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा, लांबी अपुरी पडली तर पूर्ण केबल बदला.

जुन्या पेट्रोल अॅम्बॅसिडरवाल्यांसाठी एवढंच, की त्यांचा सोलेनॉइड सेल्फवर नसून बॉडीवर वेगळा बसवलेला असतो, त्यामुळे ही मोजमापं हात काळे न करता होतात. त्या सेल्फचं पिनियन (छोटं दातेरी चाक) कधीकधी फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये अडकतं आणि दिवे मंद होऊन आवाज बंद होतो. इग्निशन बंद ठेवून, टॉप गिअर टाकून गाडी मागे-पुढे हलवली की सुटतं.

आता सेल्फ खरंच काढायची वेळ कधी? वर सांगितल्याप्रमाणे ५० वर साडेदहा व्होल्ट येताहेत, अर्थचा ड्रॉप ०.३ च्या आत आहे आणि तरी काम होत नाही, तेव्हा. तेव्हाही पूर्ण बदलायची घाई नको. सेल्फ-डायनॅमोचं काम करणाऱ्याकडे उघडून घ्या. सोलेनॉइडची चकती खड्डे पडलेली असेल तर ती आणि कॉन्टॅक्ट बदलता येतात. खोलता न येणारा सोलेनॉइड असेल तर तेवढा एकटा मिळतो. कार्बन निम्म्याच्या खाली झिजले असतील तर चारही एकदम बदला आणि कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) साफ करून घ्या. बुश (आस ज्यात फिरतो त्या कड्या) सैल असतील तर आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) आतल्या पोलला घासतं. तसं घासल्याच्या चकचकीत खुणा दिसल्या तर गरम झाल्यावर जड फिरण्याचं कारण तेच. बुश स्वस्त असतात, पण नेमके तेच बदलायचे राहून जातात.

सेल्फ परत बसवताना त्याच्या फ्लँजवर दुरुस्तीवाल्यानं हौसेनं मारलेला रंग असेल तर खरवडून काढा, कारण सगळा करंट त्याच बसण्याच्या जागेतून इंजिनात परततो. बेलहाउसिंगची (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं, सेल्फ ज्यावर बसतो ते कवच) समोरची जागाही पेट्रोलनं पुसून कोरडी करा. बोल्ट आवळून झाल्यावर आधी ३० ची जाड केबल, मग ५० ची वायर, ती अधल्यामधल्या धातूला टेकत नाही हे पाहून, आणि बॅटरीचा मायनस सगळ्यात शेवटी.